मोजमाप पुस्तिकेतला बंधारा आणि मे महिन्यातली विहीर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शेतीपंपांची वीज येण्याच्या आधी, आम्ही पाच जण टेप घेऊन गावातल्या बारा विहिरींवर जातो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची एक खूण आहे आणि मोजणी नेहमी त्याच खुणेपासून होते. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधलेले असते आणि खालच्या मीटरभर भागाला खडू फासलेला असतो. टेप पाण्यात सोडून वर ओढली की खडू जिथपर्यंत भिजला तेवढी लांबी वजा करायची आणि उरलेली खोली वहीत लिहायची. आदल्या रात्री पंप चालला असेल, तर त्या विहिरीची मोजणी पुढे ढकलायची. कारण उपशानंतर पाणी पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो आणि घाईने घेतलेल्या आकड्यात गावाचे पाणी दिसत नाही, रात्रीचा उपसा दिसतो. माझ्यासाठी हे काम म्हणजे जुन्या नोकरीतला राहून गेलेला भाग आहे.

जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे उपविभागात मी तीस वर्षे काम केले. सिमेंट नाला बांध, माती नाला बांध, पाझर तलावांची दुरुस्ती, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे यांची अंदाजपत्रके मी तयार केली, रेखांकन केले आणि मोजमाप पुस्तिका भरल्या. ही पुस्तिका फार काटेकोर वस्तू आहे. पायाच्या खोदाईचे घनमीटर, काँक्रीटचे घनमीटर, लोखंडाचे किलो, प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही, खाडाखोड झाली तर तिच्यावरही सही. काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत पाठवून त्यांची ताकद तपासली जात असे. तपासणी नव्हती असे आमच्या कामाबद्दल कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ज्या कारणासाठी शासनाने आणि पंचायतीने तो पैसा खर्च केला, त्या पाण्यासाठी पुस्तिकेत एकही रकाना नव्हता. काम पूर्णत्वाचा दाखला निघाला, उपयोगिता प्रमाणपत्र गेले, अंतिम देयक अदा झाले की कागदोपत्री बंधाऱ्याचे आयुष्य संपत असे. प्रत्यक्षात ते त्या दिवशी सुरू होत असे. चौथ्या-पाचव्या उन्हाळ्यात त्या बंधाऱ्याखालच्या विहिरींत काय आहे, हे नोकरीत असताना मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःहून जाऊन पाहिले नाही. त्या दुसऱ्या गोष्टीची खंत मला आजही आहे.

सार्वजनिक पैशातून झालेल्या स्थानिक कामाचा टिकाऊपणा मोजायचा म्हणजे नेमके काय मोजायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो जलयुक्त शिवार अभियानाच्या निमित्ताने. डिसेंबर २०१४ मध्ये हे अभियान सुरू झाले. दरवर्षी ५,००० गावे याप्रमाणे २०१९ पर्यंत २५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. नाला खोलीकरण, गाळ काढणे, सिमेंट नाला बांध, शेततळी, सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीत खोदलेले चर) अशी कामे वेगवेगळ्या विभागांच्या निधीतून आणि लोकवर्गणीतून एकाच गावाच्या आराखड्यात बसवली गेली, आणि ही कल्पना मला तेव्हाही चांगली वाटली होती, आजही वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे जलपरिपूर्ण करण्यावर आणि भूजल पातळी उंचावण्यावर अभियानाचा परिणाम अत्यल्प झाला, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर चौकशी लागली, आरोप-प्रत्यारोप झाले, आणि २०२२ च्या अखेरीस अभियानाचा दुसरा टप्पाही जाहीर झाला. या वादात एक गोष्ट मला फार खटकली. अभियान यशस्वी झाले म्हणणारे पाणी भरलेल्या बंधाऱ्यांची छायाचित्रे दाखवत होते, फसले म्हणणारे टँकरची संख्या सांगत होते. पण अमुक गावात कामाच्या आधी पाच वर्षे आणि कामानंतर पाच वर्षे, त्याच विहिरीत, त्याच महिन्यात पाणी किती खोल होते, हे गावागणिक कोणालाच सांगता येत नव्हते. वाद मिटवू शकेल असा पुरावा गोळा करण्याची तरतूद अंदाजपत्रकातच नव्हती.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे ना, असे कोणी म्हणेल. तिच्या कामाबद्दल मला आदर आहे. राज्यभरातील सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजत आली आहे आणि गेल्या पाच वर्षांच्या सरासरीशी ती ताडून पाहते. तालुक्याचा किंवा पाणलोटाचा कल कळण्यासाठी हे जाळे उपयुक्त आहे. पण महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत, म्हणजे साधारण दहा गावांमागे एक विहीर. एका गावातल्या तीन बंधाऱ्यांनी काय साधले, हे त्या विहिरीवरून ठरवायचे म्हणजे गल्लीतल्या एका माणसाचा ताप पाहून दहा घरांची तब्येत सांगण्यासारखे आहे. त्यातही राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टचा, काळ्या कातळाचा. या खडकात पाणी सलग थरात साठत नाही. झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये जिथे वाट मिळेल तिथे ते साठते. बांधाच्या कडेची एक विहीर तुडुंब आणि दीडशे मीटरवरची दुसरी कोरडी, हे आमच्या भागात नित्याचे दृश्य आहे. म्हणून गावाचा दावा गावातल्याच विहिरींवर तपासला पाहिजे आणि त्या विहिरी वर, मध्ये आणि खाली अशा विखुरलेल्या असल्या पाहिजेत. बंधाऱ्याला लागून असलेली एकच विहीर निवडली, तर उत्तर आधीच ठरलेले असते.

पावसाने होणारी फसगत याहून मोठी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मराठवाड्यात इतका पाऊस झाला की मांजरा धरण भरले. आता मे २०१६ ची पातळी आणि मे २०१७ ची पातळी शेजारी शेजारी ठेवली, तर एकही बांध न घातलेल्या गावातही पाणी काही मीटर वर आलेले दिसेल. दुष्काळी वर्ष आधी आणि सुकाळी वर्ष नंतर, अशी तुलना करणाऱ्याला कोणतीही योजना यशस्वी ठरवता येते. उलट, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वर्षीचे आकडे घेऊन कोणतेही चांगले काम फसले असे दाखवता येते. दोन्ही बाजूंनी असे झालेले मी पाहिले आहे. यावर माझ्या माहितीत दोनच उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक म्हणजे गावात पर्जन्यमापक ठेवून साधारण सारखा पाऊस झालेल्या वर्षांचीच एकमेकांशी तुलना करणे. तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस आमच्या शिवाराला लागू पडत नाही, कारण वळवाचा आणि परतीचा पाऊस ओढ्याच्या एका काठावर पडतो आणि दुसऱ्या काठावर पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे खडक, उतार आणि पिके सारखी असलेले, पण कामे न झालेले शेजारचे गाव मोजणीत धरणे. दोन्ही गावांतले पाणी सारखेच वर आले असेल तर श्रेय पावसाचे. आमच्याकडे ते अधिक वर आले आणि अधिक काळ टिकले असेल तर बंधाऱ्यांविषयी काही बोलता येईल.

गावासाठी थोडे गणित मांडतो, कारण हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर केला की माणसे वेगळे प्रश्न विचारू लागतात. समजा, शिवार १,००० हेक्टर आहे. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पाणी साठून पुन्हा विहिरीत उतरू शकेल अशी जागा साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे संपूर्ण शिवारात भूजल एक मीटर वर येण्यासाठी सुमारे २ लाख घनमीटर, आमच्या भाषेत २०० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर), पाणी मुरावे लागेल. आता गावात ६० टीसीएम साठवणक्षमता निर्माण झाली आणि भूजल तीन मीटर वर आले, अशी दोन विधाने एकाच फलकावर लिहिलेली असतील, तर त्यांचा मेळ बसत नाही हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. बंधारा एका पावसाळ्यात दोन-तीनदा भरतो हे खरे आहे, पण त्यातले काही पाणी उन्हाने उडून जाते हेही खरे आहे. निर्माण झालेली साठवण, प्रत्यक्ष साठलेले पाणी आणि प्रत्यक्ष मुरलेले पाणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी अहवालांत बहुतेक वेळा पहिलीच असते, कारण ती मोजमाप पुस्तिकेतून थेट काढता येते.

आणि मुरलेले पाणी तरी कुठे जाते? २,००० वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम पाणी लागते. पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे २० टीसीएम पाणी पितो. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी दोन हेक्टर उसाएवढे. बंधारे झाले, दोन वर्षे विहिरींना पाणी दिसले, त्या भरवशावर पाच शेतकऱ्यांनी ऊस लावला आणि दहा जणांनी नव्या विंधन विहिरी घेतल्या, की तिसऱ्या मे महिन्यात पातळी होती तिथेच येते. बंधारा उत्तम बांधलेला असतो, पाणीही मुरलेले असते, पण गावाचा उन्हाळा बदललेला नसतो. त्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. पाणी दिसले की पैसे देणारे पीक घ्यावे असे कोणालाही वाटेल. पण ज्या मोजणीत फक्त विहिरीची पातळी आहे आणि पीकपेरा नाही, ती मोजणी अशा वेळी चुकीचे उत्तर देते, म्हणून मी आमच्या वहीत प्रत्येक रब्बीचे पीकवार क्षेत्रही लिहू लागलो. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. तिच्यातले गावाचे आकडे आणि विहिरींचे आकडे एका कागदावर आणणे आता तितके अवघड राहिलेले नाही.

हिवरे बाजारचे नाव इथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने चर खोदले, बांध घातले, झाडे लावली, याची माहिती सर्वांना आहे आणि हजारो लोक ते गाव पाहून आले आहेत. माझ्या मते, पाहून आलेल्यांपैकी बहुतेकांनी बांध पाहिले आणि वही पाहिली नाही. गावात पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेने ठरवायचे, शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, हे नियम त्या गावाने स्वतःला घालून घेतले आणि पाळले. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात ते गाव टिकले, त्यात या वहीचा वाटा बांधांइतकाच आहे. मोजणी तिथे तपासणी अधिकाऱ्यासाठी होत नाही. पेरणीचा निर्णय घ्यायला ती लागते, म्हणून ती दरवर्षी होते आणि खरी होते.

टिकण्याची दुसरी बाजू बांधकामाची, आणि इथे मला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. हा बंधारा म्हणजे खांबांची रांग आणि मधल्या गाळ्यांत बसवायचे लोखंडी बरगे. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस ओसरताना ते बसवायचे, म्हणजे शेवटचे पाणी अडते. सगळी किमया वेळेवर आहे. आठ-पंधरा दिवस उशीर झाला की ओढा वाहून गेलेला असतो, आणि जून उजाडूनही बरगे निघाले नाहीत तर पहिल्या पुरात बाजूचा भराव तुटतो. बरगे ठेवायला खोली लागते, मोजून घ्यायला माणूस लागतो, रबरी पट्ट्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि भंगाराच्या भावामुळे बरगे चोरीला जातात. माझ्या हातून झालेल्या एका बंधाऱ्यावर सात वर्षांनी गेलो, तेव्हा खांब जसेच्या तसे उभे होते, काँक्रीटला तडा नव्हता, आणि एकही बरगा जागेवर नव्हता. नोंदवहीत तो बंधारा पूर्ण, सुस्थितीत आणि अमुक हेक्टर सिंचनक्षमतेचा होता. बांधकाम हस्तांतरित झाले तेव्हा बरगे कोण घालणार, त्याचे मानधन कुठून येणार, खोलीची किल्ली कोणाकडे, याचा एक ओळीचाही ठराव झालेला नव्हता. तेव्हापासून एखादे काम टिकेल की नाही याचा अंदाज मी काँक्रीट पाहून बांधत नाही. आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारतो.

पडताळणी कोणी करायची, हा भाग सर्वांत नाजूक आहे. अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढण्याची पद्धत आली, तेव्हा मला आनंद झाला होता, कारण एकच बांध दोन योजनांत दाखवण्याला तिने काहीसा आळा घातला. पण छायाचित्र एवढेच सांगते की त्या तारखेला त्या जागी ती वस्तू उभी होती. सप्टेंबरमध्ये भरलेला बंधारा कोणताही असो, छान दिसतो. हेच छायाचित्र फेब्रुवारीत आणि पुन्हा मे महिन्यात, त्याच जागेवरून काढण्याची अट का नसावी? त्रयस्थ तपासणीचेही तसेच आहे. एका कामावर आलेले तपासनीस दुपारच्या दोन तासांत चार बंधारे पाहून गेले, आणि त्यांच्या अहवालात भूजल पातळी वाढल्याची नोंद होती. त्यांच्यापैकी कोणीही विहिरीत टेप सोडली नव्हती; मी तिथे हजर होतो आणि गप्प राहिलो. ज्याच्या कामाची तपासणी करायची त्याच्याच सहीने तपासनिसाचे देयक निघणार असेल, तर त्याच्याकडून कठोर अहवालाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

याहून बऱ्या पद्धती आपल्याकडेच आहेत. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेच्या हाती दिले. हजेरीपत्रक आणि मोजमाप लोकांसमोर वाचून दाखवले की खोटे नाव लपत नाही. जलजीवन मिशनमध्ये ‘हर घर जल’, म्हणजे प्रत्येक घरी नळाचे पाणी असलेले गाव, आधी नुसते कळवले जाते आणि ग्रामसभेने ठराव केल्यानंतरच ते प्रमाणित मानले जाते. कळवणे आणि प्रमाणित करणे यांत भेद करणे हीच मोठी गोष्ट आहे. अटल भूजल योजना डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, ६,००० कोटींची, महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी. तिच्यात निधीचा मोठा भाग ठरलेले परिणाम साधल्यावर आणि त्यांची स्वतंत्र पडताळणी झाल्यावरच मिळावा अशी रचना होती, आणि त्या परिणामांत भूजलाचे आकडे लोकांसमोर उघड करणे व भूजलाची घट कमी होणे हेही होते. खर्च झाला म्हणून पुढचा हप्ता, या जुन्या रीतीपेक्षा हे वेगळे आहे. मला यात एकच धोका दिसतो. आकड्यावर पैसा अवलंबून राहिला की आकडा घडवण्याचा मोह होतो. म्हणून टेप धरणाऱ्या पाच जणांत सरपंचांच्या विरोधातल्या गटाचा एक जण आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला शेत असलेला, पाणी न पोहोचलेला एक जण असलाच पाहिजे. आमच्याकडे तसे आहे. टेप चुकीची धरली गेली तर या दोघांपैकीच कोणीतरी पहिल्यांदा ओरडतो.

झाडांच्या बाबतीतही हेच घडले. २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट राज्याने ठेवले होते. खड्डे मोजले गेले, रोपे मोजली गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात किती झाडे उभी राहिली, हा प्रश्न मागाहून आला, आणि तोपर्यंत रोपांच्या देयकांच्या फाइली बंद झालेल्या होत्या.

ग्रामपंचायत विकास आराखड्यात माझी मागणी लहान आहे. पाणलोटाच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात शंभर रुपयांमागे एक रुपया पुढच्या पाच वर्षांच्या मोजणीसाठी वेगळा ठेवावा आणि तो बांधकाम करणाऱ्या विभागाकडे न राहता ग्रामसभेच्या ठरावाने खर्च व्हावा. कंत्राटदाराची अनामत दोष दायित्वाच्या काळात, म्हणजे बांधकामातला दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, बांधकामाच्या स्थितीशी जोडलेली असते, ती तशीच राहू द्यावी. पाऊस पडला नाही याचा भुर्दंड त्याच्यावर टाकणे योग्य नाही. पाण्याचा जबाब पंचायतीने द्यावा. बरगे, रबरी पट्ट्या आणि गाळ यांच्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला साठ टक्क्यांचा हिस्सा वापरता येईल का, हे मी मागच्या वर्षी लेखी विचारले. कार्यालयाकडून उत्तर आलेले नाही, पुन्हा विचारणार आहे. वहीतले कच्चे आकडे, म्हणजे सरासरी न काढलेले, विहिरीच्या क्रमांकासह आणि तारखेसह, पंचायतीच्या भिंतीवर रंगवावेत, हा ठराव मात्र झाला आहे.

यंदा बारापैकी सात विहिरींत पाणी गेल्या मे महिन्यापेक्षा वर आहे, चार विहिरींत खाली आहे आणि एक कोरडी आहे. कोरडी विहीर नव्या सिमेंट नाला बांधाच्या सर्वांत जवळची आहे. असे का झाले असावे, याविषयी गावात दोन मते आहेत. बांधाचा पाया कातळावर बसल्यामुळे पाणी मुरतच नसावे, असे माझे मत आहे. त्या विहिरीशेजारी नव्याने खोदलेल्या विंधन विहिरीने पाणी ओढले असावे, असे दुसरे मत आहे. विंधन विहीर ज्यांची आहे त्यांनी जानेवारीत पंधरा दिवस पंप बंद ठेवण्याचे मान्य केले आहे. त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी सहा वाजता आम्ही तिथे टेप सोडणार आहोत आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पंधराही आकडे वाचून दाखवणार आहोत.